नव्याचं बिल, भंगारातला आरसा

प्रति,
मा. व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग

विषय : गाडीचा आतला आरसा नवा म्हणून बिल लावून वापरलेला बसवल्याबाबत

महोदय,

माझी २००९ची टू-सीटर स्पोर्ट्स कार गेल्या महिन्यात आतला आरसा बदलायला तुमच्याकडे दिली होती. मूळच्या ऑटो-डिमिंग (मागून प्रखर प्रकाश आला की आपोआप काळवंडणाऱ्या) आरशाच्या दोन काचांमधलं जेल कडेने पाझरून तपकिरी डाग पडला होता. तुमचे सुपरवायझर म्हणाले, दुरुस्त होणार नाही, नवाच मागवावा लागेल. मी हो म्हटलं. बिल ३१,८०० रुपये झालं. त्यावर छापलंय : 'आरसा असेंब्ली, नवीन, ओरिजिनल'.

चार दिवसांनी रात्री मुंबईहून पुण्याला परतताना खंडाळ्याच्या घाटात मागे एसयूव्ही लागली. माझी गाडी बुटकी, त्यामुळे मागच्याचे हेडलाइट थेट आरशात येतात. आरसा काळवंडलाच नाही. शेवटी तो हाताने वर वळवला आणि मागचं काही न दिसता लोणावळ्यापर्यंत आलो.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तपासलं. आरशाच्या गाडीच्या पुढच्या काचेकडे असलेल्या सेन्सरवर अंगठा दाबला आणि माझ्या बाजूच्या सेन्सरवर टॉर्च मारला. चांगला आरसा असं केल्यावर काही सेकंदांत निळसर काळा होतो. हा ढिम्म! मग मागचं कव्हर काढलं. प्लग नाहीच, वायरी कापून इन्सुलेशन टेपने गुंडाळून ठेवलेल्या. पाठीवर पिवळ्या पेंट मार्करने '४७' लिहिलेलं. प्लास्टिकच्या आत पार्ट कधी बनला ते दाखवणारी साच्याची छोटी तबकडी असते, बाण महिन्यावर आणि मधे वर्ष. तिथे '०६' आहे, म्हणजे माझ्या गाडीपेक्षा तीन वर्षं आधीचा माल. आणि दांड्याच्या सांध्यात काळ्या दोऱ्याची गाठ अडकली आहे. कुणीतरी तिथे लिंबू-मिरची नाहीतर बाहुली टांगली असणार. माझ्या गाडीत असलं काही कधीच नव्हतं.

फोन केला तर उत्तर मिळालं, "नवीनच आहे साहेब, पॅकिंगमध्ये घासला असेल." पॅकिंगमध्ये गाठ कशी पडते?

जुना पार्ट लावण्यात मला कमीपणा वाटत नाही. याच गाडीचं दाराचं हँडल मी स्वतः कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून घासाघीस करून आणलंय. तुम्ही सरळ सांगितलं असतं तर आरसाही तिथूनच आणला असता, आणि प्लग बघून आणला असता. माझा मूळ आरसा परत मागितला तर तो 'फेकून दिला' म्हणे. फक्त काच गेली होती त्याची, प्लग आणि वायरिंग धडधाकट होतं.

माझी मागणी : आरशाचे पूर्ण पैसे परत करा, कापलेलं वायरिंग तुमच्या खर्चाने मूळ प्लगसह जोडून द्या आणि हा आरसा कुठून आणला त्याची पावती दाखवा. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा लागत नाही.

सोबत बिलाची प्रत आणि फोटो जोडले आहेत. आरसा काढून दोऱ्यासकट पिशवीत ठेवलाय. गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. तुमचा माणूस पाठवायचा असेल तर रविवारी सकाळी दहानंतर पाठवा.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे