तेरीज जुळवता येत नसेल, तर आलेख काय कामाचे?

संपादक महोदय,

पदव्युत्तर प्रवेशांच्या या दिवसांत लेखाशास्त्र, वित्त आणि डेटा अॅनालिटिक्स हे तिन्ही विषय एकाच पदवीत शिकवणार असल्याच्या जाहिराती जागोजागी दिसत आहेत. सांगलीत गेली तेवीस वर्षे कर सल्लागार म्हणून काम करताना अशा शिक्षणाची गरज मला रोज जाणवते, त्यामुळे या अभ्यासक्रमांचे मी स्वागतच करतो. ते ज्या पद्धतीने शिकवले जात आहेत, त्याविषयी मात्र लिहिणे भाग आहे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना आपसांतील व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, सक्तीचे झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतील फेरफार तारखेसह जपून ठेवणे बंधनकारक झाले. मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्याच्या कीर्द-खतावण्या पूर्वी एका कपाटात मावत. आज त्याच्या एका वर्षाच्या नोंदी नुसत्या नजरेखालून घालणेही एका माणसाच्या आवाक्यातले राहिलेले नाही.

गेल्या वर्षी असाच अभ्यासक्रम पूर्ण केलेला एक हुशार मुलगा आमच्याकडे कामाला आला. एका व्यापाऱ्याचे खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी खरेदीची यादी) जुळवण्याचे काम मी त्याला दिले. अर्ध्या तासात त्याने आलेखांसह देखणा तक्ता तयार केला, १८४ बिले जुळत नसल्याचे सांगितले आणि पुरवठादारांना ईमेल पाठवायलाही तो निघाला. शेजारी बसलेल्या आमच्या जुन्या दिवाणजींनी पडद्याकडे पाहून एवढेच विचारले, "अरे, हे ००४५ आणि हे ४५ वेगळे कसे?" पुरवठादाराने बिल क्रमांक शून्यांसह भरला होता आणि व्यापाऱ्याच्या ऑपरेटरने नुसता ४५ टाइप केला होता. उरलेल्यांतली बरीच बिले मार्चअखेरची होती, पण पुरवठादारांनी ती एप्रिलच्या विवरणपत्रात दाखवली होती. खरोखर न जुळणारी निघाली नऊ. एक क्रेडिट नोट, जी खरेदीतून वजा करायची असते, ती त्याने खरेदीत मिळवली होती, ते वेगळेच.

यात त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. दोन वर्षांत त्याला अॅनालिटिक्स संगणक विभागाने शिकवले आणि लेखाशास्त्र वाणिज्य विभागाने. दोन्ही तास एकाच मजल्यावर होत असूनही एकमेकांना भेटले नाहीत. सरावासाठी मिळालेल्या फाइल परदेशी विक्रीच्या, आधीच स्वच्छ केलेल्या होत्या. परीक्षेत प्रश्न आला, 'डेटा अॅनालिटिक्सचे महत्त्व विशद करा.' त्याने ते चार पाने विशद केले आणि त्याला गुणही चांगले मिळाले.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी दिलेल्या कबुलीपत्रातून ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. सात हजारांहून अधिक बनावट बिले असल्याचे पुढे तपासात आढळले. असा प्रकार पकडायचा, तर बिलांच्या ढिगातून विसंगती शोधण्याचे तंत्र हवे, विक्री वाढूनही तिचा पैसा खरोखर बँकेत आला का, हे विचारण्याची वित्तीय जाण हवी आणि ती नोंद कोणत्या खात्यात दडवता येते, याची हिशेबी नजरही हवी. हे तिन्ही एकाच डोक्यात असावे, एवढ्यासाठीच तर ही पदवी आहे.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे, की निदान निम्मे गुण प्रत्यक्ष फाइलवरील कामाला द्यावेत. नावे-गावे काढून टाकलेल्या खऱ्या खतावण्या मिळवणे अवघड नाही. आमच्यासारखे अनेक व्यावसायिक त्या आनंदाने देतील. त्यांत मुद्दाम चुका पेराव्यात, ३१ मार्चनंतर बदललेल्या नोंदी ठेवाव्यात आणि विद्यार्थ्याने आधी तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची बेरीज, जुळवून दाखवल्याशिवाय त्याचा आलेख तपासायला घेऊ नये.

आपला,
एक कर सल्लागार, सांगली