लुकलुकत्या दिव्यापाशी जरा थांबू द्या

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्रॅम भरून उपकरणं चालवणाऱ्या छोट्या चिपची) ओळख करून देणारा लेख वाचला. मराठीत असं काही छापून येतं याचा आनंद आहेच. तक्रार एवढीच, की लेखकाने आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरचा दिवा चार ओळींत लुकलुकवला आणि लगेच रोबोटगाडीकडे धाव घेतली.

मी प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. आता सातवी-आठवीच्या मुलांना हौसेने हेच शिकवतो. लेखातली कृती अशी: संगणकावरच्या आर्डुइनो सॉफ्टवेअरमध्ये एक्झाम्पल्समधला 'ब्लिंक' हा दिवा लुकलुकवणारा तयार प्रोग्रॅम उघडा, अपलोड करा, दिवा बघा. यात मुलाने केलं काय? प्रोग्रॅम दुसऱ्याचा आणि दिवाही बोर्डावर आधीच बसवलेला. शिवाय नव्या बोर्डात ब्लिंक बरेचदा आधीच भरलेला असतो. नुसती यूएसबी वायर जोडली तरी दिवा लुकलुकू लागतो. अपलोड झालं की नाही, हेही कळायला मार्ग नाही! ब्लिंकमध्ये 'डिले', म्हणजे थांबण्याची सूचना, दोनदा येते: दिवा लावल्यावर आणि विझवल्यावर. म्हणून मी पहिल्यांदा डिलेमधले १००० खोडून २०० लिहायला लावतो. ते मिलिसेकंद असतात. लुकलुकणं भरभर झालं, म्हणजे आपलं लिहिलेलं खरंच चिपमध्ये पोहोचलं.

मग दुसरा डिले काढायला सांगतो. पण अपलोड करण्याआधी काय होईल ते वहीत लिहायचं. बहुतेक जण लिहितात, 'आणखी भरभर लुकलुकेल'. प्रत्यक्षात दिवा सतत लागलेलाच दिसतो. तो विझतो, पण लूप, म्हणजे प्रोग्रॅमचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग, लगेच पहिल्या ओळीवर येतं आणि काही मायक्रोसेकंदांत तो पुन्हा लागतो. डोळ्याला पत्ताच लागत नाही. त्यानंतर काढलेला डिले परत घालून दोन्ही डिले १० करायचे. दिवा सेकंदाला ५० वेळा लागतो-विझतो, तरी स्थिर वाटतो. अंधारात बोर्ड झपकन आडवा हलवला, की प्रकाशाची तुटक रेघ उमटते. ती बघून मुलं जे ओरडतात, ते कुठल्याही रोबोटगाडीला मिळणार नाही.

एलईडी मुलांनी स्वतः जोडावा, हा माझा दुसरा आग्रह. लांब पाय बोर्डाच्या पिन ८ कडे, आखूड पाय ग्राउंडला (प्रवाह परत जाण्याच्या जागी), मध्ये प्रवाह आवरणारा २२० ओहमचा रेझिस्टर. लेखात रेझिस्टरचा उल्लेखच नाही. पिनवर ५ व्होल्ट येतात, त्यातले सुमारे २ लाल एलईडीवर पडतात. उरलेल्या ३ ला २२० ने भागलं, की साधारण १४ मिलिअँपिअर येतात. उनोच्या एका पिनमधून २० च्या वर जाऊ नये. रेझिस्टर नसला तरी दिवा लागतो, उलट जास्तच झळकतो, म्हणून तो फालतू वाटतो. पिनवर किती ताण येतोय, ते मात्र दिसत नाही.

पिन बदलल्यावर प्रोग्रॅममध्येही तीन ठिकाणी ८ लिहावे लागतात. सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या सेटअपमधल्या, पिन आउटपुट आहे असं सांगणाऱ्या पिनमोडच्या ओळीत ते राहून गेले, तर दिवा अगदी मिणमिणता लागतो. कारण पिन इनपुटच राहते आणि चिपच्या आतल्या, पिनला ५ व्होल्टशी जोडणाऱ्या मोठ्या 'पुल-अप' रेझिस्टरमधून जेमतेम प्रवाह येतो. मिणमिणता दिवा दिसला की आधी ती ओळ तपासावी.

गाडीची घाई का नको, तेही सांगतो. डिले चालू असताना लूप तिथेच अडकून पडतं. मधल्या वेळात दाबलेलं बटण त्याला कळत नाही. एक दिवा १००० वर आणि दुसरा ७०० वर लुकलुकवायला सांगा, डिलेवाला प्रोग्रॅम लगेच गोंधळतो. तिथे बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं 'मिलिस' लागतं: प्रत्येक दिव्याची मागची वेळ लक्षात ठेवायची, आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची आणि ठरलेला अवधी उलटला असेल तरच दिवा बदलायचा. गाडीलाही चाकं फिरवता फिरवता समोरचा अडथळा बघायचा असतो. हे न शिकलेल्या मुलाची गाडी भिंतीवर आपटते आणि दोष सेन्सरला दिला जातो.

पुरवणीच्या पुढच्या भागात गाडीऐवजी हे दोन दिव्यांचं कोडं छापावं, ही विनंती. उत्तर त्याच अंकात देऊ नये.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक