लहान्याला घेऊन एकदा कॉलेजात जाऊन या

प्रिय आई-बाबा,

आई, तू फोनवर म्हणालीस की दिवाळीपासून लहान्या अमरावतीला गेलाच नाही, बाबांसोबत वावरात कापूस वेचतो. बाबा, वेचणीला मजूर मिळत नाहीत हे मला कळतं. तरी त्याचं कॉलेज सुटलं असं आताच धरू नका.

मी स्वतः शिकवते, म्हणून सांगते. पोट्टा एका दिवसात कॉलेज सोडत नाही. आधी तासाला मागं बसतो, मग प्रॅक्टिकल बुडवतो, दोन विषय राहतात, आणि खोलीचं भाडं फुकट जातं म्हणून गावी येतो. सरांना वाटतं घरी काम निघालं असेल, घरच्यांना वाटतं सुट्ट्या असतील. खरं काय ते फक्त त्याला माहीत, आणि तो लाजेनं गप्प. अमेरिकेतले शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्येच मांडलं होतं की मुलगा टिकतो की नाही, हे शिक्षकांशी आणि सोबत्यांशी त्याचं किती जुळलं यावरही ठरतं. माझ्या वर्गात मी तेच बघते.

त्याला विचारा, फॉर्मवर पालक म्हणून कोणाचा नंबर दिलाय? बरीच मुलं रूमपार्टनरचा देतात. मग मी कितीही फोन केले तरी घरी काही कळत नाही.

बाबा, रागावू नका. विषय किती राहिले हे नंतर विचारा. आधी तिथं जेवतो कुठं, कोणाशी बोलतो, ते विचारा. मग दोघं त्याला घेऊन त्याच्या मेंटर सरांना, म्हणजे त्याच्याकडं लक्ष द्यायला कॉलेजनं नेमलेल्या सरांना, भेटा. शिकलेल्या माणसांपुढं काय बोलायचं, असं मनात आणू नका. समजलं नाही तरी हा विचारत नाही, नुसती मान हलवतो, हे सरांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

हजेरी कशी भरून निघेल, राहिलेले पेपर कधी देता येतील, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या राहण्या-जेवण्याच्या सरकारी मदतीत तो बसतो का, हेही विचारा. आणि खरंच शिकायचं नसेल, तर नव्या शैक्षणिक धोरणात पहिलं वर्ष पूर्ण करून ठरलेले क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, मिळवले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. क्रेडिट 7 वर्षांपर्यंत जमा राहतात, पुन्हा जाता येतं. पण ते सांगून-सवरून व्हावं, असं गुपचूप नको.

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघा. बोलताना अडलं तर तिथूनच मला फोन लावा, मी मोकळी असेन. आई, तू जायलाच हवं. तुझ्यापाशी तो बोलतो.

तुमची,
मोठी