डॉक्टर मॅडम, तुम्ही झोपेबद्दल विचारलंत म्हणून

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

ओपीडीत फाइल, औषधं, पुढची तारीख यातच वेळ संपतो आणि आभार राहून जातात. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्यासारखे आणखी आईबाप कुठेतरी असतील.

लेकीचा कधी डावा हात-पाय लुळा पडायचा, कधी उजवा. त्याही आधी तिचा एकच डोळा थरथरायचा. पहिल्या दवाखान्यात फिट्स ठरवून डोस वाढवत नेला. पोर दिवसभर गुंगीत, आणि हात लुळा तो लुळाच. एमआरआय नॉर्मल आला तर म्हणाले, "काही नाही, घाबरू नका." मांडीवर पोरीची मान कलंडलेली, आणि म्हणे काही नाही!

तुम्ही मोबाइलवरचे व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलेत आणि विचारलंत, "झोपून उठल्यावर हात हलतो का?"

हलायचा. पण तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही मेंदूच्या रक्तवाहिन्यांचाही एमआरआय करून घेतलात. पोरीला झोपेचं सिरप पाजून आत नेलं, तेव्हा बाहेर बाकावर बसून आम्हाला समजावलंत: स्ट्रोक नाही, मोयामोयासारखा रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार नाही, याची खात्री करायला हा फोटो हवा, तुम्हाला ज्या आजाराची शंका होती त्यात मात्र तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. झटका चालू असताना काढलेल्या ईईजीतही, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखातही, फिटच्या लहरी नव्हत्या.

आजाराचं नाव निघालं आल्टरनेटिंग हेमिप्लेजिया ऑफ चाइल्डहुड, म्हणजे लहानपणी अंगाची कधी एक तर कधी दुसरी बाजू लुळी पडणं. साधारण दहा लाखांत एखाद्या मुलाला होणारा. १९७१ साली पहिल्यांदा नोंदला गेला, आणि त्यामागचं एटीपी१ए३ हे जनुक सापडलं थेट २०१२ साली. पेशीतलं सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा पंपच त्यात बिघडतो. रक्ततपासणीत लेकीत तो दोष निघाला, आम्हा दोघांत नाही. सासूबाईंना वाटायचं, आंघोळीत माझंच काही चुकतं, कारण झटका बरेचदा तेव्हाच यायचा. तुम्ही त्यांना समोर बसवून सांगितलंत की पाणी, दमणूक, अगदी आनंदसुद्धा झटक्याला निमित्त होतं, दोष कुणाचाच नाही. त्या दिवसापासून घरातली धुसफूस थांबली. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी तुमची ऋणी आहे.

फ्लुनारिझिन या औषधाने आजार जात नाही, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतंत. पण झटके कमी झालेत, लांबतही नाहीत. लांबलाच, तर उठल्यावरची दहा-पंधरा मिनिटं ती मोकळी असते. तेवढ्यात मऊ भात आणि पाणी पोटात जायला हवं, हा तुमचा सल्ला. वाटी आता उशाशीच तयार ठेवते.

अंगणवाडीसाठी तुम्ही मराठीत कागद लिहून दिलात: झटक्यात तोंडात काही घालू नका, कुशीवर निजवा, श्वासाकडे लक्ष ठेवा, अंधाऱ्या खोलीत झोपू द्या, आईला फोन करा. बाईंनी तो पदरच्या पैशांनी लॅमिनेट करून घेतला. त्यांचेही आभार इथेच मानते.

तुमची,
एका पेशंटची आई