दादा, त्या उलट्या बादलीबद्दल आभार

दादा,

ड्रोनने काढलेला तळ्यावरचा ५५ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला, त्यावर तुम्ही ‘आता जमलं’ एवढंच लिहिलंत. त्या दोन शब्दांनी किती आनंद झाला, हे सांगायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम लिहितोय, कारण नुकताच ड्रोन हातात घेतलेल्यांना तुमची शिकवण कळायला हवी.

पहिल्या भेटीत तुम्ही माझा तयार व्हिडिओ बाजूला ठेवून न कापलेलं फुटेज मागितलंत. चौदा मिनिटं सलग पाहिलंत. मध्येच थांबवून स्क्रीनवर बोट ठेवलंत : “इथे अंगठा झटकन सोडलास. दिसतोय हिसका?” दिसला. तोवर असले सगळे हिसके मी वाऱ्याच्या माथी मारत होतो.

मग मोकळ्या मैदानात ती बादली उलटी ठेवलीत, तिच्याभोवती ड्रोन गोल फिरवायला. आपोआप घिरटी घालायची सोय ड्रोनमध्ये होती, पण तुम्ही ती वापरू दिली नाहीत. रिमोटची उजवी स्टिक किंचित उजवीकडे, डावी किंचित डावीकडे. दोन्ही अंगठे एकमेकांपासून दूर, आणि बादली कायम चौकटीच्या मधोमध. पहिला फेरा अंड्यासारखा झाला, दुसऱ्यात बादलीच निसटली. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन वळण्याचा वेग कमी केलात आणि म्हणालात, “स्टिक ढकलू नकोस, तिच्यावर नुसता भार टाक.” तीन बॅटऱ्या संपल्या तेव्हा कुठे एक फेरा गोल आला. त्यानंतर ड्रोनचं नाक माझ्याकडे करून चौकोन काढायला लावलेत. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटतं, हे मला ऐकून माहीत होतं; अंगठ्यांना त्या दिवशी कळलं.

आणि वारा! “जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर येतो, म्हणून आधी त्याच्या विरुद्ध जा,” हे मी एकदा विसरलो. परतताना ड्रोन जागचा हलेना, बॅटरी मात्र भराभर उतरत होती. जमिनीलगत वारा कमी असतो, हे तुमचं वाक्य आठवलं. खाली झाडं नव्हती, म्हणून उंची कमी केली आणि तो आला. ९ टक्के उरले होते. त्या संध्याकाळी तुमची फार आठवण झाली. आता होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परतायची जागा, नोंदल्याशिवाय आणि घरी परतण्याची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा जास्त ठेवल्याशिवाय मी उडवतच नाही.

चित्रीकरण आणि एडिटिंगमधलं तुमचं ऋण त्याहून मोठं आहे. सेकंदाला २५ फ्रेम तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास, भर उन्हात तेवढ्याने चित्र पांढरंफटक पडू नये म्हणून उजेड कमी करणारा एनडी फिल्टर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको. हे सगळं एका चहात समजावलंत. खरा धडा टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगमध्ये शॉट ओळीने लावतात तिथे, मिळाला. माझा व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा होता. “वरून दिसतंय याचं नवल पहिल्या शॉटला असतं. दुसऱ्या शॉटला नवीन काय दाखवतोस?” असं विचारलंत आणि प्रत्येक शॉटपाशी माझ्या उत्तराची वाट पाहिलीत. उत्तर नसलेले शॉट मीच काढले, त्यात माझा लाडका सूर्यास्तही गेला. त्याच्या जागी जमिनीवरून घेतलेला एक शॉट तुम्ही मला घालायला लावलात : पाण्याच्या कडेला थांबलेली माझी बहीण. तिच्यानंतर उंचावरून तळं आलं तेव्हा ते पहिल्यांदा मोठं वाटलं.

हालचालीच्या आधी पाच सेकंद आणि नंतर पाच सेकंद ड्रोन स्थिर ठेवायची तुमची सवय आता माझीही झाली आहे. कापायला जागा मिळते. पूर्वी प्रत्येक शॉट नेमका हवा तिथेच तुटायचा.

स्वतःचं काम बाजूला ठेवून तुम्ही मला एवढा वेळ दिलात. कुठेही हसला नाहीत, कुठेही घाई केली नाहीत. मनापासून आभार, दादा.

एक अडलंय. एडिटिंगमध्ये रंग जुळवताना झाडांच्या सावलीतला हिरवा अजून काळपट पडतो. फुटेज पाठवतोय, न कापलेलं.

तुमचा,
बादलीवाला विद्यार्थी