फाइल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे?

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत सकाळी ६ ते १० या वेळात आता जी शांतता असते, तिच्यामागे मुलांचा निश्चय आहे आणि पायथन या संगणकीय भाषेतल्या थोड्याशा ओळी आहेत. त्या ओळी तुम्ही लिहून दिल्या नाहीत, माझ्याकडून लिहून घेतल्या, म्हणूनच हे आभार उघडपणे मानावेत असे मला मनापासून वाटले. शिवाय गावोगावी अशा अभ्यासिका सांभाळणाऱ्यांना हे वाचून काही उपयोग झाला, तर तोही हवाच आहे.

महालक्ष्म्यांसाठी तुम्ही माहेरी आला होता आणि मी संकोचतच विचारायला आलो होतो. पोलीस भरती, तलाठी आणि राज्यसेवेची तयारी करणारी मुलेमुली, सर्वांना मिळून एकच इंटरनेट जोडणी, आणि पहाटेच्या अभ्यासात व्हिडिओ नकोत हा त्यांनीच सभेत केलेला ठराव. एका जुन्या संगणकावर अनबाउंड हा डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता शोधून देणारा प्रोग्राम, आधीच चालू होता. कोणते नाव किती ते किती बंद ठेवायचे, हे मुलांनी एका साध्या फाइलमध्ये लिहावे आणि रिझॉल्व्हरने ते पाळावे, एवढीच माझी कल्पना होती. तुम्ही प्रथम सांगितले की कायमची बंद ठेवायची नावे कॉन्फिगरेशनमध्ये लोकल-झोनच्या एकेका ओळीत बसतात, आणि वेळेनुसार हवी असतील तर अनबाउंड-कंट्रोल या आज्ञेने तेच झोन घालता-काढता येतात. मग म्हणालात, “शिकण्यासाठी पायथनमध्ये मॉड्यूल, म्हणजे रिझॉल्व्हरला जोडायचा आपला भाग, लिहायचे असेल तर अवश्य लिही, पण सोपा रस्ता आहे हे आधी माहीत असू दे.” इतका प्रामाणिक सल्ला मला यापूर्वी कोणी दिला नव्हता.

पहिली संध्याकाळ केवळ अनबाउंडला पायथन सापडेपर्यंत गेली. तो स्वतःला क्रूट करून एका निर्देशिकेत कोंडून घेतो आणि तिथून पायथनची लायब्ररी दिसत नाही, हे तुम्ही नजरेनेच ओळखले.

त्यानंतर तुम्ही जे समजावले, ते मी जन्मभर विसरणार नाही. मॉड्यूलमध्ये इनिट, डीइनिट, इन्फॉर्म-सुपर आणि ऑपरेट अशी चार फंक्शन्स असतात, हे मी वाचले होते. परंतु ऑपरेट एकाच प्रश्नासाठी पुन्हा का बोलावले जाते, हे मला उमगत नव्हते. तुम्ही तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे फिरणाऱ्या फाइलीचा दाखला दिला. नावाचा पत्ता विचारणारा प्रश्न ही फाइल, आणि उत्तराची स्वाक्षरी तपासणारा व्हॅलिडेटर, आपले पायथन आणि बाहेरून उत्तर शोधणारा इटरेटर ही तीन टेबले आहेत. फाइल वरून खाली जाताना एकदा आपल्या टेबलावर येते आणि इटरेटरने उत्तर शोधून आणल्यावर परतीच्या वाटेवर पुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी कोणत्या कारणाने आली हे इव्हेंटमध्ये लिहिलेले असते. आपण तिच्यावर तीनपैकी एकच शेरा मारायचा: पुढे पाठवली, निकाली काढली, किंवा चूक झाली. तेव्हापासून अडखळलो की तुम्ही फोनवर हाच प्रश्न विचारत होता, “फाइल आत्ता कोणाच्या टेबलावर आहे?”

या प्रश्नानेच माझ्या बहुतेक चुका उघड्या पडल्या. बंद नावासाठी मी ०.०.०.० हा कुठेच न नेणारा पत्ता बनवून फाइल निकाली काढत होतो, तरी डीएनएसएसईसीने, म्हणजे उत्तर खरे असल्याची खात्री देणाऱ्या पद्धतीने, स्वाक्षरी केलेल्या नावांवर सर्व्हफेल ही चूक येत होती, कारण परतीच्या वाटेवर व्हॅलिडेटर माझ्या उत्तरावर नसलेली स्वाक्षरी शोधत होता. उत्तराच्या सिक्युरिटी या खान्यात २ हा आकडा लिहून तपासणीची गरज नाही असे कळवल्यावर ती थांबली. दुसरी चूक अशी की मी फक्त ए नोंदीला, म्हणजे आयपीव्ही४ च्या पत्त्याला, उत्तर देत होतो; फोन एएएए, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, वेगळा विचारतात आणि तो सरळ मिळवत होते. त्या प्रश्नाला आता रिकामे उत्तर जाते. नावाच्या शेवटी टिंब असते, अक्षरे लहान-मोठी येऊ शकतात, आणि केवळ शेवट जुळवला तर भलतेच नावही अडते, या बाबी त्यामानाने किरकोळ होत्या.

खरा कस लागला तो कॅशेपाशी, म्हणजे आधी मिळालेली उत्तरे रिझॉल्व्हर जिथे साठवतो तिथे. ६ वाजून गेले तरी काही नावे उघडत राहत, काही बंद होत, आणि मी चार दिवस स्क्रिप्टमधील वेळेची तुलना पुन्हा पुन्हा तपासत होतो. तुम्ही एवढेच विचारले की लॉगमध्ये, म्हणजे रिझॉल्व्हरच्या नोंदवहीत, माझी ओळ उमटली आहे का. ती उमटलीच नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर कॅशेत ताजे आहे, त्याचे उत्तर अनबाउंड खिडकीवरूनच देऊन टाकतो. ती फाइल कोणत्याही टेबलावर जात नाही, मग माझे ऑपरेट चालणार कसे? पावणेसहाला कोणी तो व्हिडिओ पाहिला असेल, तर टीटीएल, म्हणजे उत्तर ताजे मानण्याची मुदत, संपेपर्यंत ते नाव उघडे राहणारच. आता एक छोटे क्रॉन काम, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम, मुलांची तीच फाइल वाचते आणि प्रत्येक बंद वेळेच्या आरंभी फ्लश-झोनने ती नावे कॅशेतून पुसते. आपण बनवलेले उत्तर मात्र कॅशेत साठवायचे नाही आणि त्याचा टीटीएल ६० सेकंदच ठेवायचा, ही तुमची सूचना पाळल्यामुळे १० वाजता सर्व काही लगेच पूर्ववत होते.

ज्याने स्वतःच्या फोनवर दुसरा रिझॉल्व्हर लावला त्याला ही स्क्रिप्ट अडवू शकत नाही, हेही तुम्ही मला मुलांसमोर स्पष्ट सांगायला लावले. मी सांगितले. त्यांनी ऐकले, आणि ठराव त्यांचाच असल्यामुळे तो अजून टिकून आहे.

स्वतःची नोकरी आणि घर सांभाळून, रात्री साडेनवानंतर, तुम्ही मला एकदाही तयार ओळ दिली नाही आणि एकदाही घाई केली नाही. याबद्दल मी तुमचा अत्यंत ऋणी आहे.

तुरीच्या ओल्या शेंगा निघतील तेव्हा आईंना भेटायला आलात, तर अभ्यासिकेतही अवश्य यावे. वेळांच्या फाइलीची छापील प्रत दाराशी लावली आहे आणि तिच्याखाली सर्व मुलांच्या सह्या आहेत. ती तुम्हाला दाखवायची आहे.

आपला नम्र,
अभ्यासिकेचा व्यवस्थापक,
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा