खातोय ना नीट, मग दात ठीकच असणार!

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी पुण्यात कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर आहे. लोक रेबीजची लस वेळेवर देतात, गोचिडाचं औषध आठवणीने मागतात, पण दातांचा विषय काढला की समोरचा हसतो. "डॉक्टर, आता कुत्र्याला पण डेंटिस्ट का?" बरोबर आलेल्या आजी म्हणतात, गावाला आमचा मोत्या होता त्याचे कोण दात घासायचं. खरंय, पण मोत्याचं तोंड उघडून बघितलं कोणी होतं?

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "खातोय ना नीट". अहो, दात दुखत असला तरी कुत्रं खातंच, फक्त एका बाजूने चावतं नाहीतर न चावता गिळतं, आणि आपल्याला वाटतं भूक छान आहे. डोळ्याखाली सूज घेऊन कुत्रा आला की घरच्यांना वाटतं काहीतरी चावलं असेल, आणि बऱ्याचदा निघतो वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी साठलेला पू. ही दाढ कडक हाडं चावून फुटते, म्हणून मटणाच्या दुकानातून हाड आणून "दात साफ होतात" म्हणणाऱ्यांशी माझं रोज भांडण असतं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगायचंय. "रोज ब्रश करा" एवढं बोलून फाइल बंद केली तर कोणी काही करत नाही. लस द्यायच्या आधी ओठ वर करून मागची दाढ मालकालाच दाखवा, पिवळं-तपकिरी कीटण आणि लाल झालेली हिरडी स्वतः बघितली की माणूस गप्प होतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. प्रश्न ठरलेले, दात साफ करायला भूल द्यावीच लागेल का आणि खर्च किती. दोन्हीची सरळ उत्तरं द्यायला हवीत. खरा आजार हिरडीच्या खाली असतो आणि जागं कुत्रं तिथे हात लावू देत नाही, शिवाय भूल देऊन श्वासनळीत नळी टाकली की साफ करतानाचं घाण पाणी फुफ्फुसात जात नाही. आधी रक्त तपासायचं, वय झालेलं असेल तर जास्तच. ग्रूमिंगवाल्याकडे वरवर खरवडून घेतलं की दात पांढरे दिसतात, खालचं दुखणं तसंच राहतं, आणि लोक मात्र वर्षभर निश्चिंत!

घरी काय करायचं तर पिल्लू असतानाच बोटाला मऊ कापड गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूने फिरवायची सवय लावा, मग ब्रश. रोज का, तर दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, मग तो ब्रशने निघत नाही. आपली टूथपेस्ट अजिबात नको, कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं ते कुत्र्यांना विषारी आहे. चिकनच्या चवीची पेस्ट मिळते, ती आवडीने चाटतात. पॉमेरेनियन, शिह त्झू वाल्यांनी सहा-सात महिन्यांचं पिल्लू झालं की एकदा दाखवाच, यांचे दुधाचे दात बऱ्याचदा पडतच नाहीत, नवा दात शेजारी वाकडा येतो आणि मध्ये घाण अडकते.

मांजरांचं तर आणखी वेगळं, त्यांचा दात कधीकधी आतून विरघळत जातो आणि मांजर काही कळू देत नाही. त्यावर जागा दिलीत तर पुन्हा लिहीन.

आपला,
एक पशुवैद्य, पुणे